वीस सेंटिमीटर खाली

जपानीत ‘इताइ’ म्हणजे ‘दुखतंय’. दारात बोट चेमटलं, टाचेला काही टोचलं, की इथली माणसं ‘इताइ!’ म्हणून ओरडतात. आपण ‘आई गं’ म्हणतो, तसंच. नागोयात नोकरीला आल्यावर मी शिकलेल्या पहिल्या शब्दांपैकी हा एक. ऑफिसातल्या टेबलाच्या कोपऱ्यानं तो मला शिकवला. त्यामुळे ‘इताइ-इताइ ब्यो’ हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, कुणीतरी गंमत करतंय. ब्यो म्हणजे आजार. ‘आई-गं-आई-गं आजार’. असं नाव कोण ठेवेल?

ते ठेवलं एका खेड्यातल्या दवाखान्यातल्या नर्सेसनी, असं सांगतात. बाईला उचलून आत आणायचे. कूस बदलताना, खोल श्वास घेताना, नुसता कुणी हात लावला तरी तिच्या तोंडून तो एकच शब्द यायचा. १९५५ साली हे नाव पेपरात छापून आलं आणि पुढे वैद्यकशास्त्रानंही तेच वापरलं. या बायकांची हाडं मऊ पडलेली असायची. खोकल्याच्या उबळीनं बरगडी मोडायची. एका बाईच्या अंगात सत्तरहून जास्त ठिकाणी हाड मोडल्याची नोंद आहे. मणके एकमेकांवर बसत जाऊन उंची वीतभर कमी व्हायची. शुद्ध मात्र शेवटपर्यंत शाबूत.

मी कोकणातली, भाताच्या गावातली. आमच्याकडेही साठीनंतर बायका कंबरेत वाकतात. माझी आजी वाकलेलीच मला आठवते, आणि तिला काय होतंय असं कुणी कधी विचारल्याचं आठवत नाही. लावणी करून करून वाकली, एवढंच. म्हणून असेल, या आजाराबद्दल जे मिळेल ते मी वाचत गेले आणि एका जूनमध्ये शनिवार धरून तोयामाला गेले.

नागोयाहून ‘हिदा’ नावाची एक्स्प्रेस निघते आणि चारेक तासांत डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्राकाठी तोयामाला पोचते. अर्धी गाडी ताकायामाला रिकामी होते, कारण पर्यटक तिथे उतरतात. पुढचं हिदा-फुरुकावा स्टेशन ‘युअर नेम’ या ॲनिमे सिनेमात आहे, तिथे फोटो काढणारी पोरं उतरतात. मग गाडीत फार कुणी राहत नाही, आणि खरा प्रवास तिथून सुरू होतो. रूळ मिया नदीच्या कडेनं खाली उतरत जातात. इनोतानी या छोट्या स्टेशनाजवळ उजवीकडच्या डोंगरांतून दुसरी नदी येऊन मिळते, ताकाहारा. दोघींची मिळून जिंझू होते. नावातलं पहिलं अक्षर ‘देव’ असं वाचतात.

ताकाहारा जिथून येते, त्या डोंगरात कामिओका नावाची खाण आहे.

तिथे सोळाव्या शतकापासून चांदी काढत होते. १८७४मध्ये मित्सुई घराण्यानं खाणीत पाय ठेवला आणि काही वर्षांत सगळी खाण त्यांची झाली. तोवर चांदी, तांबं, शिसं यांनाच किंमत होती. त्याच दगडात जस्तही असायचं, ते टाकून देत. रशिया-जपान युद्धाच्या सुमारास, म्हणजे १९०५च्या आसपास, ते काढायला सुरुवात झाली. पितळ करायला जस्त लागतं, आणि काडतुसाचं टोपण पितळेचं असतं. त्यानंतरच्या प्रत्येक युद्धात कामिओकाचं उत्पादन चढत गेलं. दुसऱ्या महायुद्धात तर तिथे कोरियातून आणलेले मजूर आणि युद्धकैदीसुद्धा राबत होते.

जस्ताच्या खनिजात जवळजवळ नेहमीच थोडं कॅडमियम असतं. थोडं म्हणजे शंभरात अर्ध्या भागाहूनही कमी. १८१७ साली जर्मनीत स्ट्रोमायर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला जस्ताच्या एका संयुगातच ते पहिल्यांदा सापडलं. चित्रकारांना त्यातून सुंदर पिवळा रंग मिळाला. आपल्या लहानपणीच्या कॉर्डलेस फोनच्या बॅटऱ्यांत ते असायचं. पण त्या काळात खाणीला त्याचा काही उपयोग नव्हता. नको असलेली गोष्ट खाण जिथे टाकते तिथे ते गेलं. नदीत.

इथे एक तांत्रिक सुधारणा गोष्ट बिघडवते. पूर्वी दगड जाडसर फोडून, वजनावरून खनिज वेगळं करत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवी रीत आली: दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात घालायचा, रसायनं घालून फेस आणायचा. हवं ते खनिज फेसाला चिकटून वर येतं, उरलेला राखाडी गाळ खाली राहतो. या पद्धतीनं कितीतरी जास्त धातू हाती लागला. पण जाडसर खडी नदीत टाकली तर ती खाणीच्या आसपास बसते. पीठ टाकलं तर ते चाळीस-पन्नास किलोमीटर खाली, सपाटीपर्यंत जातं.

सपाटीवर भात होता.

*

आमच्या गावात पाटाच्या तोंडाशी असलेलं खाचर सगळ्यांत चांगलं समजतात. पाणी पहिल्यांदा तिथे येतं, गाळही तिथेच पहिला बसतो. वाटण्या होताना भाऊ त्यावरून भांडतात. जिंझूच्या काठी उलटं झालं. पाणी जिथून खाचरात शिरायचं तिथलीच रोपं खुजी राहायची, पिवळी पडायची. गाळ तिथे पहिला बसत होता. शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. पिकाचं नुकसान दिसत होतं, ते मोजता येत होतं, त्याची थोडीफार भरपाईही पुढे मिळत गेली. खाणीचं पाणी भाताला वाईट, हे त्या काळात सगळ्यांना माहीत होतं. उरलेला भात चांगला पिकत होता आणि तो लोक खात होते.

भाताचं रोप मूर्ख नसतं, पण फसतं. त्याला मातीतून मँगनीज हवं असतं, जस्त हवं असतं. ते आत घेण्यासाठी मुळांत जी दारं असतात त्यांतून कॅडमियमही शिरतं. शिसं बहुतेक मुळाशीच अडकतं. कॅडमियम देठातून वर चढतं आणि दाण्यात जाऊन बसतं. दाणा दिसायला, शिजायला, चवीला अगदी तसाच.

माणसाच्या पोटात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात साठतं. ते तिथून निम्मं व्हायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणजे रोजच्या जेवणात थोडं थोडं येत असेल तर ते फक्त वाढतच जातं. मूत्रपिंडातल्या ज्या बारीक नळ्या कामाच्या गोष्टी गाळून परत रक्तात पाठवतात, त्याच खराब होतात. लघवीवाटे प्रथिनं जातात, फॉस्फेट जातं, कॅल्शियम जातं. ड जीवनसत्त्व शरीराला वापरता येईल अशा रूपात आणायचं कामही मूत्रपिंडाचंच, तेही अडतं. शरीर मग हाडांतलं भांडवल काढून खर्च करू लागतं.

पण जेवत तर सगळेच होते. मग बायकाच का? रुग्ण म्हणून ज्यांची अधिकृत नोंद झाली ते आजवर दोनशेच्या आसपास आहेत आणि त्यांत पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अंगात लोह कमी असलं की आतडं कॅडमियम जास्त शोषतं. वारंवार बाळंतपणं झालेल्या, मुलांना अंगावर पाजलेल्या, पाळी जाऊन हाडं आधीच विरळ होऊ लागलेल्या बाईच्या अंगात लोहही कमी असतं आणि कॅल्शियमही. थोडक्यात, बाईपणाची जी जी किंमत त्या पिढीनं मोजली, तिथून तिथून हा धातू आत शिरला.

आणि म्हणूनच तो इतकी वर्षं दिसला नाही. पहिले रुग्ण १९१०च्या दशकातले मानले जातात. नाव मिळायला १९५५ उजाडलं. मधल्या चाळीसेक वर्षांत खोलीत अंथरुणाला खिळलेल्या सासवा होत्या, आणि घरोघरी वेगवेगळी कारणं होती. वात असेल. म्हातारपण असेल. मागच्या जन्माचं काही असेल.

*

हागिनो नोबोरू हे गावच्या डॉक्टरांच्या घराण्यातले. लष्करात डॉक्टर होते, युद्ध संपल्यावर १९४६मध्ये घरी आले आणि फुचू गावातला वडिलोपार्जित दवाखाना चालवू लागले. या बायका रोज त्यांच्यासमोर येत. सुरुवातीला त्यांचाही अंदाज चारचौघांसारखाच होता: उपासमार, अतिकष्ट, ढगाळ प्रदेशात ऊन कमी. १९५५च्या वैद्यकीय परिषदेत तसंच मांडलं गेलं.

पण उपासमार आणि कष्ट तर त्या वेळी सगळ्या जपानात होते. मग आजार इथेच का?

त्यांनी एक साधी गोष्ट केली. नकाशा घेतला आणि ज्या घरात रुग्ण आहे तिथे ठिपका दिला. जिंझूच्या एका बाजूला इदा नदी आहे, दुसऱ्या बाजूला कुमानो. ठिपके या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यातच पडले. इदाच्या पलीकडे भाषा तीच, जेवण तेच, गरिबी तीच, बायकांचे कष्ट तेच; पण रुग्ण नाहीत. फरक एकच. मधल्या पट्ट्यातली शेतं जिंझूच्या पाटांवर भिजत होती.

मला हा नकाशा फार आवडतो. लंडनमधल्या कॉलऱ्याचा डॉ. जॉन स्नो यांचा नकाशा शाळेत सगळ्यांना दाखवतात, हा कुणी दाखवत नाही.

१९५७मध्ये हागिनोंनी जाहीरपणे सांगितलं की हे खाणीचं विष आहे. त्यांच्याकडे नेमका धातू नव्हता, पुरावा म्हणून फक्त ठिपके होते. खेड्यातल्या डॉक्टरला काय कळतं, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. मग दोन माणसं त्यांच्याशी जोडली गेली. ओकायामा विद्यापीठातले कोबायाशी जुन. जपानभरच्या नद्यांचं पाणी तपासण्यात त्यांची हयात गेली होती आणि जिंझूवर पिकाच्या नुकसानीसाठी ते युद्धकाळातच येऊन गेले होते. आणि योशिओका किनइची, शेतीचे अभ्यासक. पाणी, माती, भात, रुग्णांची हाडं, सगळं तपासलं गेलं, आणि सगळ्यांत कॅडमियम होतं. १९६१मध्ये हागिनो आणि योशिओका यांनी धातूचं नाव घेऊन सांगितलं.

सरकारनं समित्या नेमल्या. समित्यांचा निष्कर्ष असा आला, की कॅडमियम, अधिक आणखी काहीतरी. त्या ‘आणखी काहीतरी’च्या आडोशाला बरीच वर्षं गेली.

इथे गावाबद्दल सांगायला हवं, कारण वाचणाऱ्याला वाटेल की गाव एकजुटीनं उठलं असेल. तसं झालं नाही. आपल्या मातीत विष आहे हे मान्य केलं तर तांदूळ विकला जाणार नाही. आपल्या गावात असला आजार आहे हे बाहेर कळलं तर कुणी मुलगी देणार नाही. लोक रुग्णांना आतल्या खोलीत ठेवत, आणि हागिनोंनी बोभाटा केला म्हणून त्यांच्यावरच चिडत. मला यात त्यांची चूक दिसत नाही. आमच्या आंब्याच्या पट्ट्यात असं काही निघालं असतं तर आमचं गाव वेगळं वागलं असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

१९६६च्या नोव्हेंबरमध्ये रुग्णांच्या घरच्यांनी एक संघटना बांधली. तिचे पुढारी कोमात्सु योशिहिसा, स्वतः शेतकरी. त्यांच्या घरानंही हा आजार पाहिला होता. आधी ते कंपनीकडे बोलायला गेले, तिथे काही हाती लागलं नाही, तेव्हा त्यांनी कोर्टात जायचं ठरवलं. मित्सुईवर दावा लावायचा आणि हरायचं, म्हणजे गाव सोडावं लागेल, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. देशभरातून तरुण वकील आले, पुष्कळसे नुकतीच सनद मिळालेले. ९ मार्च १९६८ रोजी तोयामाच्या कोर्टात २८ जणांनी दावा दाखल केला. दोन महिन्यांत, ८ मेला, आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की या आजाराचं मूळ कॅडमियम आहे आणि ते कामिओका खाणीतून आलेलं आहे. प्रदूषणामुळे झालेला आजार अशी जपानी सरकारनं दिलेली ही पहिली मान्यता.

कंपनीचा बचाव असा होता, की कॅडमियमचा अमुक कण अमुक बाईच्या हाडापर्यंत कसा पोचला ते पायरी-पायरीनं सिद्ध करा. कोर्टानं ते मानलं नाही. आजार कुठे आहे, कुठे नाही, किती काळापासून आहे, यावरून कारण ठरवता येतं, असं न्यायाधीशांनी म्हटलं. म्हणजे हागिनोंचे ठिपके कोर्टात पुरावा ठरले. जपानच्या खाण कायद्यात एक सोयही होती: नुकसान झालं असेल तर खाणवाल्याचा हलगर्जीपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. ३० जून १९७१ रोजी निकाल गावाच्या बाजूनं लागला. जपानमधल्या चार मोठ्या प्रदूषण खटल्यांतला, मिनामाताच्याही आधीचा, हा पहिला विजय. कंपनी अपिलात गेली आणि ९ ऑगस्ट १९७२ रोजी तिथेही हरली.

*

या गोष्टीवर सिनेमा काढला तर तो इथे संपेल. मला पुढचा दिवस जास्त महत्त्वाचा वाटतो.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, १० ऑगस्टला, गावकरी तोक्योत कंपनीच्या मुख्य कचेरीत बसले आणि तीन कागदांवर सह्या घेऊनच उठले. पहिला कागद रुग्णांच्या भरपाईचा. दुसरा मातीचा: शेतं पुन्हा चांगली करून देण्याचा. तिसऱ्या कागदात असं होतं की गावकऱ्यांना गरज वाटेल तेव्हा ते, आणि त्यांनी निवडलेले शास्त्रज्ञ, खाणीत आणि कारखान्यात जाऊन तपासणी करू शकतील, कागदपत्रं पाहू शकतील, आणि खर्च कंपनी देईल.

पैसे मिळाले की लढे थकतात. इथे लोकांनी फाटकातून आत जायचा हक्क मागून घेतला आणि तो वापरला. त्या वर्षापासून दरवर्षी शेतकरी, वकील आणि शास्त्रज्ञ डोकीवर हेल्मेट घालून कामिओकाला जातात, पाण्याची तोंडं बघतात, गाळाचे बांध बघतात, कंपनीच्या इंजिनिअरांना प्रश्न विचारतात. १९७२मध्ये खाणीतून महिन्याला सुमारे ३५ किलो कॅडमियम नदीत जात होतं. काही दशकांत ते साधारण एक-दशांशावर आलं आणि आज जिंझूच्या पाण्यात निसर्गतः असावं तेवढंच आहे.

पाणी सुधारलं, कारण पाणी वाहतं. माती तिथेच राहते.

सेंद्रिय कचरा कुजतो, कीटकनाशकंसुद्धा बरीचशी काळानं मोडतात. कॅडमियम मूलद्रव्य आहे. त्याचं दुसरं काही होत नाही. पन्नास वर्षं खाचरांत बसलेला तो गाळ नांगरटीनं सगळ्या वरच्या थरात कालवला गेला होता. १९७०मध्ये जपानच्या संसदेनं एकाच अधिवेशनात प्रदूषणाचे चौदा कायदे केले, त्यांत शेतजमिनीच्या मातीचाही एक कायदा होता आणि त्यात पहिलं नाव कॅडमियमचं होतं. किलोभर तांदळात एक मिलिग्रॅम किंवा जास्त कॅडमियम सापडलं तर ती जमीन दूषित. त्याहून कमी पण ०.४हून जास्त असलेला तांदूळ सरकार विकत घ्यायचं आणि खाण्यासाठी बाजारात जाऊ द्यायचं नाही. त्याची खळ करत. शेतकऱ्यानं वर्षभर राबून पिकवलेल्या भाताची खळ. (खाण्याच्या तांदळाची कायदेशीर मर्यादा ०.४वर आणायला २०११ उजाडलं.)

मातीचं काम लगेच सुरू झालं नाही. मोजणी, नकाशे, कुणी किती पैसे द्यायचे याची घासाघीस, यात वर्षं गेली. त्यातच १९७५मध्ये एका नावाजलेल्या मासिकानं हा आजार खरोखर प्रदूषणाचा आहे का, असा लेख छापला. कोर्टाचे दोन निकाल असताना सत्ताधारी पक्षातले लोकही तोच सूर लावू लागले. आता अशा गोष्टी फोनवर फॉरवर्ड होतात, तेव्हा छापून यायच्या.

शेवटी १९७९-८०च्या सुमारास यंत्रं शेतात उतरली, आणि काम संपलं २०१२च्या मार्चमध्ये. तेहतीसेक वर्षं. दूषित ठरलेली जमीन सुमारे १५०० हेक्टर होती. त्यातली ८६३ हेक्टर पुन्हा शेतीयोग्य केली. उरलेल्या बऱ्याच जमिनीवर दरम्यान रस्ते, घरं, कारखाने झाले होते. खर्च चाळीस अब्ज येनच्या वर. त्यात निम्म्याहून कमी वाटा कंपनीचा, बाकीचा लोकांच्या करातून.

आणि ‘चांगली केली’ म्हणजे नेमकं काय केलं? मला वाटत होतं माती धुतली असेल, नाहीतर काढून नेली असेल. एवढी माती नेणार कुठे? काही शेतांत चर खणून दूषित थर त्यात पुरला आणि चरातून निघालेले दगडगोटे त्याच्यावर घातले. काही ठिकाणी तो होता तिथेच ठेवला. दोन्हींत वर एक घट्ट थर दाबून बसवला, मुळं खाली जाऊ नयेत म्हणून. आणि त्याच्यावर डोंगरातून आणलेली नवी माती पसरली. घट्ट थर आणि नवी माती मिळून वीसेक सेंटिमीटर. कॅडमियम गेलेलं नाही. ते त्याखाली आहे. त्या नव्या, निकस मातीला पुन्हा खत घालून भाताजोगी करायला शेतकऱ्यांना आणखी काही हंगाम लागले, ते वेगळंच.

*

तोयामा शहराच्या बाहेर या आजाराचं सरकारी संग्रहालय आहे, २०१२मध्ये उघडलेलं. तिकीट नाही. एक्स-रे बघताना शेजारी एक शाळेची सहल होती, पोरं आधी हसत होती, मग गप्प झाली. फुचूत गावकऱ्यांनी स्वतः १९७६मध्ये बांधलेली एक इमारतही आहे, ‘सेइर्यू काइकान’. सेइर्यू म्हणजे स्वच्छ प्रवाह. लढ्याचे कागद तिथे ठेवलेले आहेत.

दुपारी मी शेतांकडे चालत गेले. लावणी होऊन महिना झाला असावा. पाणी भरलेली खाचरं, त्यांत ढग, बांधावर एक म्हातारे गृहस्थ पाण्याचं तोंड उघडत होते. पाण्याची ही राखण नुसती भातासाठी नसते. खाचरात पाणी भरून ठेवलं की मातीतली हवा संपते आणि कॅडमियम गंधकाशी जखडून बसतं, रोपाला मिळत नाही. पाणी सोडलं, माती वाळून तडकली, की ते मोकळं होतं. म्हणून जिथे जिथे धोका आहे तिथे जपानी शेतकऱ्यांना सांगतात: भात निसवायच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे खाचर कोरडं पडू देऊ नका. यात एक पेच आहे. जमिनीत आर्सेनिक असेल तर ते नेमकं उलट वागतं. पाणी भरलं की मोकळं होतं. एकाला दाबावं तर दुसरं वर येतं.

कामिओकाची खाण २००१मध्ये खनिज काढायची थांबली. धातू गाळायचं काम चालू आहे, त्यात जुन्या बॅटऱ्यांतलं शिसंही असतं. डोंगराच्या पोटात हजार मीटर खाली आता पाण्याच्या प्रचंड टाक्या आहेत आणि त्यांत न्यूट्रिनो पकडतात. तिथल्या कामाला २००२ आणि २०१५ साली नोबेल मिळालं. गूगलवर ‘कामिओका’ टाका, आधी तेच दिसेल.

त्या रात्री मी घरी फोन लावला आणि बाबांना म्हटलं, आपल्या जमिनीची मृदा आरोग्य पत्रिका काढा ना, त्यावर काय काय आहे ते वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. बारा ओळी. पिकाला काय कमी पडतंय ते सांगणाऱ्या. जस्त कमी निघालं होतं, ते घातलं, म्हणाले. कॅडमियम, शिसं, आर्सेनिक यांच्या ओळीच नाहीत. आमच्या जमिनीत ते आहे असं मला म्हणायचं नाही. आमच्या वर खाण नाही, कारखाना नाही. पण स्फुरदाचं खत ज्या दगडापासून करतात त्यातही थोडंफार कॅडमियम असतं, आणि ते आम्ही दरवर्षी घालतो. बाबांनी विचारलं, तू तिकडचा तांदूळ खातेस ना? मी म्हटलं, खाते, तो तपासलेला असतो. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजीला द्यायचाय का फोन?

गावकरी आणि कंपनी यांच्यात शेवटचा करार १७ डिसेंबर २०१३ रोजी झाला. कंपनीनं त्या दिवशी रीतसर माफी मागितली. ज्यांची हाडं शाबूत आहेत पण मूत्रपिंडाच्या नळ्या खराब झाल्या आहेत, त्यांना तोवर काही मिळत नव्हतं. १९७५च्या आधी त्या पट्ट्यात वीस वर्षं किंवा जास्त राहिलेल्यांना प्रत्येकी सहा लाख येन द्यायचं ठरलं. हागिनो ते बघायला नव्हते, ते १९९०मध्ये गेले.

नवीन रुग्ण आता होणार नाहीत, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं. २०२२च्या ऑगस्टमध्ये तोयामा प्रांतानं आणखी एका बाईंना या आजाराचा रुग्ण म्हणून मान्यता दिली. नोंद झालेल्यांत त्या २०१व्या. वय नव्वदीच्या पुढे.